तिथीची पाऊणपट

पुस्तक राहाट्यांच्या ट्रंकेत निघालं.
ते एक्झिट घेऊन गेले गुहागरला, कायमचे.
मागे उरलं इस्त्रीचं फडकं, तळाशी गोठलेलं खोबरेल
आणि ही पुठ्ठा गेलेली, जुन्या छपाईची कादंबरी.

सोहारच्या कॅम्पात, खोली नंबर चौदा,
वरच्या बंकवर, मोबाइलच्या उजेडात
मी ती तीन रात्रींत वाचली.
दिवसा बंदरात कंटेनर तपासायचे:
नंबर, सील, पोचा आलेला कोपरा.
रात्री द्वारकी.

द्वारकी खाडीपल्याड अडलीय, मूल आडवं आहे.
अल्याड तिचा भाऊ, वैद्याला घेऊन.
पौषातली पौर्णिमा, ऊन डोक्यावर,
आणि ओहोटी. तर चिखलात रुतलेली.
दोन पानं लेखक नुसत्या चिखलाबद्दल लिहितो.
मग पल्याडून एक बाई पदर हलवते,
आता नको, अशा अर्थाने.

मी तोंडात उशी कोंबली.
तरी खालच्या बंकवरचा शफीकुल उठलाच.
"घर पे कोई गुज़र गया?"
नाही म्हटलं, किताब में.
थोडा वेळ एसीच घरघरत राहिला.
"नाम क्या था?"
द्वारकी.
"इन्ना लिल्लाही," तो अंधारात पुटपुटला,
आणि कूस बदलून झोपला.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर, अकराच्या सुमाराला,
घाम पेनावरून टॅलीशीटवर ठिबकताना
एकदम लक्षात आलं:
पौर्णिमेला दुपारी ओहोटी कशी?

आजा तांडेल होता माझा, दाभोळ खाडीतला.
कुराणाच्या आयती आणि तिथ्या, दोन्ही तोंडपाठ.
तिथीची पाऊणपट कर, म्हणायचा,
ती भरतीची वेळ.
पंधराची पाऊणपट सव्वा अकरा.
म्हणजे ऊन डोक्यावर आलं तेव्हा
खाडी काठोकाठ असणार,
खाजणातली झुडपं बुडालेली,
तर दोरीला हिसके देत तरंगणार.

काय संताप आला!
शहरात बसून लिहिलं असणार साहेबांनी.
एक बाई मारली, पोटातल्या पोरासकट,
आणि एका खारव्याला विचारलं नाही.
संध्याकाळी अंगावरचा डांगरीसुद्धा न काढता
समासात पेन्सिलीने लिहिलं, दाबून:
चूक. सव्वा अकरा. पाणी पूर्ण होतं.

वाटलं, वाचवली.

मग जेवलो, भांडं धुतलं,
आणि बेसिनपाशीच थांबलो.

पाणी पूर्ण होतं
तर तो भाऊ काठावर करत काय होता?
तरवाला वल्हं घेऊन बसलेला,
वैद्य बटव्याची नाडी चाळवतोय,
तर तरंगतेय,
आणि हा उभा आहे.
त्याला पलीकडे जायचंच नव्हतं.
तिचं ओरडणं जवळून ऐकायचं नव्हतं.
लेखकाला हे कळलं असावं.
त्याने त्या माणसापुरतं
अख्ख्या खाडीचं पाणी उतरवलं.

आपा चिपळूणला आयसीयूत होती तेव्हा
मुबीनला मी फोनवर म्हटलं होतं,
रजा देत नाहीत रे.
कंपनीच्या नावाने चार शिव्याही घातल्या.
पोरगं उलट मलाच धीर देत होतं,
मामू, तुमचा काय इलाज.

रजा होती. एकवीस दिवस.
सहीशिक्क्याचा कागद गादीखाली आहे अजून.
मला नळ्या घातलेली आपा बघायची नव्हती.

ऑफिसातून खोडरबर आणलं.
समासातली अक्षरं पुसली, कागद फाटणार नाही इतक्या बेताने.
शफीकुल खालून बघत होता.
"फिर से पढ़ता है? वही?"
वही, म्हटलं.

असू दे ओहोटी.