डाव्या बाजूला पेडल नाही

सॉल्टरहेबलचा उतार उतरताना
गाडी पहिल्यांदा चिरकली, नोव्हेंबरात.
मी रेडिओचा आवाज वाढवला.
"हॅलिफॅक्समधले निम्मे ब्रेक रेडिओवरच दुरुस्त होतात,"
नोरीन ॲक्रॉइड नंतर म्हणाली.

तिचं गॅरेज गालिच्यांच्या बंद गिरणीच्या तळघरात.
बोटांच्या पेरांत जुनं वंगण, कानांत बारीकसे मोती.
चाक उतरवून तिनं पॅड माझ्या तळहातावर ठेवला:
अडीच मिलिमीटर,
मोरीतल्या साबणाच्या शेवटच्या चकतीएवढा.
"चिरकते ती ही पत्र्याची जीभ. मुद्दाम बसवलेली.
पॅड संपत आला की डिस्कला लागते आणि ओरडते.
ओरडतेय तोवर बरं.
खरखर सुरू झाली की समज, लोखंड लोखंडाला खातंय."

भोरला आमच्या सायकलींचे ब्रेक-रबर गेले
की आम्ही चपलेची टाच रस्त्याला घासत थांबायचो.
चपला एकाच बाजूनं का झिजतात
हे आईला कधी कळलं नाही.
कळलंही असेल.

मग तिनं बॉनेट उघडून तेलाचं टोपण काढलं.
मधाच्या रंगाचं हवं होतं,
होतं शिळ्या चहासारखं.
"हे हवेतलं पाणी पितं. गुपचूप. बंद टोपणातूनही.
लांब उतारावर तापलं की त्या पाण्याची वाफ होते
आणि पाय नुसता खाली जातो, कापसात गेल्यासारखा.
दोन वर्षांनी बदलायचं. तू किती वर्षांनी आलीस?"
मी विषय बदलला. म्हटलं, आमच्याकडे
कशाचा संशय आला की म्हणतात,
कुठेतरी पाणी मुरतंय.
तिनं ते दोनदा म्हणवून घेतलं,
मग गाडीखाली सरकताना स्वतःशीच: मुर्टाय, मुर्टाय.

नळ्यांतली हवा काढणं एकट्याचं काम नाही.
मी आत, पेडलवर. ती खाली, पान्याशी.
दाब.
धर.
(पाय बुडत जातो, खाली बाटलीत बुडबुडे)
सोड.
दाब.
धर. अगं धर! मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही,
उचललास की हवा परत आत.
चार चाकं, प्रत्येकी दहा-बारा वेळा.
एकमेकींचं तोंडही दिसत नव्हतं
आणि तळव्याखाली काहीतरी हळूहळू घट्ट होत गेलं.

मार्चमध्ये शार्दूलला सतरावं लागलं.
गाडीवर लाल एल चिकटवला, आणि मी
पहिल्यांदा बसले डावीकडे.
तिथे पेडल नाही.
माझ्या पायाला हे कुणी सांगितलं नव्हतं.
प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक बसच्या पाठीशी
मी दाबत होते चटई.
तो काही बोलला नाही. एकदाच म्हणाला,
"आई, दुसरा गिअर आहे ना, ब्रेक तापवायचे कशाला."
हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात तोच म्हणाला,
ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढतेय.
मला वाटलं, हात वाकडा धरतोय.
त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला,
एकेका चाकाजवळ तळवा नेला, न टेकवता,
जसा मी तो लहान असताना त्याच्या तापाला नेत असे.
"हे बघ. हेच गरम आहे."

हिवाळाभर रस्त्यावर टाकलेलं मीठ
कॅलिपरच्या पिनांत जाऊन बसलं होतं.
एकदा पकडलं की सोडत नव्हता तो.
नोरीननं पिना घासल्या, ग्रीस भरलं,
शार्दूलला हात काळे करू दिले.
मग डावीकडचं दार उघडून आत वाकली
आणि बराच वेळ तशीच राहिली.

बिलावर तिनं लिहिलं:
पिना, ग्रीस, मजुरी. बेचाळीस पौंड.
त्याखाली, तपासणीच्या कागदावर लिहितात तशा अक्षरात:
चटई, पुढची डावी. झीज आहे.
चालेल. लक्ष ठेवा.