डावा खिसा

मुहर्रकमध्ये मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत
नूरुद्दीन हमदुलेंचं दुकान होतं.
पाटी अरबीत, हिशेबाची वही मराठीत,
एसीचं पाणी तेलाच्या रिकाम्या डब्यात टपटप.
मी डिप्लोमा घेऊन आलेला, डोक्यावर एजंटाचे सत्तर हजार.
पहिल्या दिवशी त्यांनी माझं घड्याळ काढायला लावलं,
मग अंगठी,
मग म्हणाले, डावा हात खिशात घाल, बाला.
आता शिक.

दोन्ही हात आत गेले
तर वीज एकातून शिरते, दुसऱ्यातून निघते,
आणि वाटेत काय लागतं
ते तुला शाळेत शिकवलंय.

व्हॉल्व्ह त्यांनी कापडात धरला, अंडं धरावं तसा.
डोक्याशी चंदेरी डाग. हा पांढरा पडला
तर समज आत हवा शिरली, खेळ आटोपला.
आत काही नाही
म्हणून तर चालतो हा.

पुस्तकात त्याला ऋणाग्र म्हणतात.
तापल्याशिवाय ऋण सुटत नाही,
एवढं मला समजावून सांगावं लागलं नाही.
समोर पत्र्याची पट्टी, चारशे व्होल्टची हाव.
मध्ये केसाएवढ्या तारेची जाळी,
आणि तिचा सगळ्यांशी छत्तीसचा आकडा, अक्षरशः:
उणे छत्तीस व्होल्ट.
एवढंसं उणं, आणि अख्खा लोंढा दाराशी थोपलेला.
ते किंचित हललं की पलीकडे गाणं.
ते सुटलंच
तर पट्टी इस्त्रीतल्या निखाऱ्यासारखी लाल होते.
सुंदर दिसते. बघत बसू नकोस. बंद कर.

आणि बंद केलं म्हणजे मेलं, असं धरू नकोस.
प्लग काढून मी चहा आणायला गेलो, आलो,
त्यांनी मीटरच्या काड्या टेकवल्या: तीनशे दहा.
रेझिस्टर लावून सावकाश उतरवलं.
स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढणाऱ्याला
ते फटाकेवाला म्हणत, दुकानात उभं करत नसत.
शून्य.
दहा मिनिटांनी परत मोज, म्हणाले.
मोजलं. अठरा.
कुणी काही दिलं नव्हतं.
आपलं आपण वर आलं होतं.

एका ऑगस्टात बू राशिद वडिलांचा अँप्लिफायर घेऊन आले,
चादरीत गुंडाळलेला, वर टेपचं एक स्पूल.
वडील नहाम होते, मोत्यांच्या गलबतावर गाणारे.
खाऱ्या हवेनं सॉकेटच्या पाकळ्या हिरव्या पडलेल्या,
फिल्टरचे कपॅसिटर पोट फुगून बसलेले.
तीन आठवडे लागले.
आधी स्पीकर जोड, हमदुले म्हणाले,
ऐकायला कुणी नसेल तर याचा ट्रान्सफॉर्मर जळतो.
मग सिरीजमध्ये साठ वॅटचा बल्ब.
बल्ब एकदम भडकला, मग मंदावत गेला
आणि आम्ही तिघांनी श्वास सोडला.
काचेत नारिंगी ठिपके. थोडी घरघर.
मग घरघरीच्या खालून एक माणूस,
आणि त्याच्या मागे टाळ्या वाजवणारे पुष्कळ जण.

बू राशिद पुढे झाले,
दोन्ही तळवे उघड्या चासीकडे निघाले.
हात मागे, साहेब, हमदुले म्हणाले, चालू आहे ते.
त्यांनी मुकाट्यानं हात थोबच्या खिशात घातले
आणि टेप संपून शेपूट फडफडेपर्यंत काढले नाहीत.
पैसे द्यायलाही नाही.
दुसऱ्या दिवशी पोरगा देऊन गेला.

हमदुले गेल्या रमजानआधी दाभोळला परतले, कायमचे.
मीटर, सोल्डरगन आणि कामाचा कोट मला.
कोटाची उजवी बाही सोल्डरच्या थेंबांनी भोकं भोकं.
डावा खिसा चार ठिकाणी रफू केलेला,
तळाला दुसऱ्याच कुठल्या तरी विजारीचं खाकी ठिगळ.
आत शेंगदाण्याची सालं.
मी हात घातला.
जागा उरली.