मीठ आहे?

बुधवारी दुपारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
मी डबे लावते.
बीन्स, टोमॅटो, ट्यूना, पुन्हा बीन्स.
लेबल पुढं, जुनी तारीख आधी,
तीस वर्षं रॉचडेलच्या इस्पितळात औषधं लावली तशी.

निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एक कुंडी दिली आणि एक घड्याळ.
झाड फेब्रुवारीत गेलं.
घड्याळ चालू राहिलं, तोच त्रास होता.
नऊला काही नसायचं. साडेनवालाही.
वाटीभर आमटी करायची, एकटीची,
आणि पहिल्या घासाला वाटायचं, मीठ राहिलं.
राहिलेलं नसायचं.

दर महिन्याला बँकेतून बारा पौंड जायचे
कुठल्याशा संस्थेला, मला न विचारता,
पाण्याच्या बिलासारखे.
त्याला दान म्हणायचं तर म्हणा.
मग शेजारची बेव्हर्ली म्हणाली,
तारखा वाचता येतात ना? चल फूड बँकेत.

तिसऱ्या बुधवारी लोरेन आली.
पिवळा रेनकोट, एक पोर कडेवर, एक रेडिएटरला चिकटलेलं.
मी पिशवी भरून पुढं केली, चेहरा तयार ठेवून,
कुणी आभार मानले की करायचा असतो तो.
तिनं आत डोकावलं. म्हणाली,
"मीठ आहे?"

नव्हतं.
अख्ख्या हॉलमध्ये नव्हतं.
लोक अननसाच्या चकत्या देतात,
नाताळात उरलेला क्रॅनबेरी सॉस देतात,
एकदा कुणीतरी ट्रफलचं तेल दिलं होतं.
मीठ द्यायचं कुणाला सुचत नाही.
मलाही सुचलं नव्हतं,
जिची आईनं विमानतळावर, लोकांसमोर,
मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली होती;
जी एकतीस वर्षं या देशाचं मीठ खातेय.

"दोन आठवडे बटाटे नुसते उकडतेय," ती म्हणाली.
"पोरं तोंडातून काढून ठेवतात."
आणि गेली. आभार वगैरे नाही.
मला राग आला, खोटं कशाला बोलू.
बसस्टॉपपर्यंत टिकला.

त्या संध्याकाळी मी मिठाचे चोवीस डबे घेतले.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, बर्फ पडणार वाटतं?
म्हटलं, हो.
बसमध्ये दोन पिशव्या मांडीवर, बोटांवर वळ,
आणि खिडकीच्या काळ्या काचेत
सहासष्ट वर्षांची एक बाई
उगीचच हसत होती.

पुढच्या बुधवारी लोरेननं हात पुढं केला
आणि मी डबा टेबलावर ठेवला.
तिचा हात तसाच राहिला.
"मला रोग नाही काही," ती म्हणाली.

अगं बाई!
इंग्रजी येतं मला, पण हे त्या इंग्रजीत नव्हतं:
की मीठ हातावर देत नाहीत,
दिलं तर दोघांत भांडण होतं,
म्हणून ठेवायचं, आणि दुसऱ्यानं उचलायचं.
सांगितलं कसंबसं. कान तापले.
ती बघत राहिली. मग म्हणाली,
तिची आजी सांडलेलं मीठ डाव्या खांद्यावरून फेकायची,
थेट सैतानाच्या डोळ्यात.
एकदा आजोबा मागे उभे होते.

बेव्हर्लीनं वळून पाहिलं इतक्या जोरात हसलो.

आता लोरेन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे.
सुटली की येते, टेबलाच्या माझ्या बाजूला,
आणि खोक्यांवर माझ्याहून वाईट अक्षरात लिहिते.

मार्चमध्ये एकदा गर्दीत
माझ्याकडून डबा सरळ तिच्या हातात गेला.
आणि भांडलो आम्ही. खरंच.
एका घराला ट्यूनाचे दोन डबे की तीन, यावरून.
ती म्हणाली, तू अजून औषधंच मोजतेयस, कुंदा.
मी खोकं आपटलं.

तणतणत घरी आले. कोट न काढता आमटी गरम केली.
मनात तिला एकेक उत्तर देत होते, चांगली चांगली,
तिथं न सुचलेली,
तेवढ्यात बघते तर वाटी रिकामी.

पुन्हा वाढून घेतली.