व्यक्ती-वर्षे

रुवेगासिरा सर फळ्यावर आडवी रेघ ओढतात.
वर अंश, खाली छेद.
"अंश कुणालाही मोजता येतो.
आजारी माणूस कण्हतो, दवाखान्यात येतो, सापडतो.
छेदात कोण कोण आहे, ते सांगा."
खडू मोडतो. खिडकीबाहेर
म्वांझाच्या टेकडीवर दगडावर दगड,
कुणी रचल्यासारखे, कुणीच न रचलेले.

मी वहीत उतरवते:
एक माणूस, एक वर्ष : एक.
दोन माणसं, सहा-सहा महिने : तेही एकच.
कुणी मध्येच नाहीसा झाला आणि तारीख ठाऊक नसेल,
तर दोन भेटींच्या बरोबर मधोमध नाहीसा झाला असं धरायचं.
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसतं.
परीक्षेत हे चार मार्कांना येतं.

जूनमध्ये मला उकेरेवे बेटावर धाडलं.
कोळ्यांची वस्ती, बिल्हार्झियाचा पाठपुरावा,
दर सहा महिन्यांनी एक डबी, एक वजन, एक सही.
०४१७ आणि ०४१८ : शेवटच्या तीन खेपांना
वजन अर्ध्या किलोपर्यंत तेच,
कृमींची अंडीही जवळजवळ तेवढीच.
"जुळे आहेत," मी म्हटलं होतं.
सर म्हणाले, "जाऊन बघ."

आम्हा सुकुमांत जुळ्यांना नाव शोधावं लागत नाही.
आधी आला तो कुल्वा, मागून आला तो दोतो,
त्यांच्या पाठीवरचं मूल शिजा.
शिजा वाळूवर डगा वाळत घालत होती,
बोटाएवढे मासे, हजारोंनी, मोजायचं मनातही येऊ नये इतके.
मान वर न करता म्हणाली,
"दोन्ही डब्या दोतोच भरतो.
अमावास्येला कंदील घेऊन गेले होते दोघं.
होडी आली."

मग थोड्या वेळानं,
"नाव पुकारलं आणि कुणी ओ दिली नाही,
तर खोडता ना तुम्ही?"

दोतोनं पत्र्याचा डबा आणला.
आत पाच गोळ्या, कडा झिजलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या.
दोन वर्षांच्या खेपेला नर्सबाईंसमोर
स्वतःच्या गिळल्या होत्या त्यानं,
पुन्हा रांगेत उभं राहून त्याच्या गालात धरल्या होत्या.
"त्याच्या मी कशा घेणार?"

तारीख ठाऊक होती. शनिवार.
मधोमध धरायची गरज पडली नाही.
संगणकावर अडीच खोडून
एक पूर्णांक बेचाळीस केलं,
तीन सह्या रद्द केल्या (चांगल्या होत्या,
कुल्वाचा क मुद्दाम तिरका काढलेला).
खाली शेरा : चुकीची नोंद, कारण ओळखीची अदलाबदल.
वर्गात हे उदाहरण म्हणून दाखवलं गेलं.
कुणीतरी विचारलं, दर कितीनं बदलला?
तिसऱ्या दशांश स्थळावर, मी म्हटलं.
खरंच तेवढाच बदलला.

परतीच्या फेरीची शिट्टी झाली तेव्हा
दोतो पाण्यात गुडघाभर उभा होता,
ज्या पाण्यात उभं राहू नका म्हणून
तीन वर्षं आम्ही सांगत आलो त्याच.
"पुढच्या खेपेला," त्यानं ओरडून विचारलं,
"मी कुठल्या नंबराला ओ द्यायची?"
इंजिन सुरू झालं होतं.
मी बोटांनी दाखवलं : शून्य, चार, एक,
आणि आठासाठी दोन्ही हात लागले.