शंभरात एक

मालधक्का, भुसावळ. दुपारचे दोन.
पत्र्याखाली मक्याची थप्पी,
पोत्यावर जहाजाचं नाव, बंदराचं नाव,
पिकवणाऱ्याचं नाही.

परखी खुपसली की पोतं हुं म्हणतं
आणि ओंजळीत दाणे सांडतं,
पिवळे, एका मापाचे,
एकाच इस्त्रीवाल्याकडून आल्यासारखे.
कुटायचे, पाण्यात ढवळायचे, पट्टी बुडवायची,
पाच मिनिटं थांबायचं.
एक रेघ उमटली तर सही.
दोन उमटल्या तर फॉर्म बदलतो,
फोनवरचा साहेबांचा आवाजही.
नियमाला शंभरात एक दाणा चालतो.
कोणता, ते नियमात नाही.

गोदामाचे झोपे गुमास्ते चहा पुढे करतात.
"ताई, सरकी वीस वर्षांपूर्वीच बदलली.
तिचीच पेंड आमची म्हैस खाते
आणि हा तिच्याच दुधाचा."
मी कपावरची साय बाजूला करते.
घड्याळ बघते. पिते.

दुसरी रेघ आली.
पुसट. आहे म्हटलं तर आहे.
नमुना सीलबंद, मोठ्या प्रयोगशाळेकडे.
अहवाल येईल एकवीस दिवसांनी.

धुडकू तायडे पाठीवरचं पोतं न उतरवताच विचारतात,
"हे दाने पेरले तं उगतीन का?"
ओलावा, कचरा, कीड, बुरशी
एवढेच रकाने माझ्याकडे.
मी म्हणते, हा मका खायचा आहे, पेरायचा नाही.
"हे दान्याले कोनी सांगतलं?"

मग पोतं टाकून ते मला नेतात
रुळांच्या टोकाशी, गळक्या नळाकडे.
गेल्या खेपेचं पोतं फुटलं होतं म्हणे इथं.
खडीतून तीन ताटं वर आलेली, कमरेएवढी,
तुरा धरलेली, सत्तेचाळीस अंशांत हिरवीगार.
एकाचं पान शेळीनं ओरबाडलेलं.
वारा पश्चिमेचा.
पलीकडे, तारेच्या कुंपणामागं
कुणाचा तरी अर्धा बिघा मका, तोही तुऱ्यावर.
माझ्या बाहीवर पिवळी पूड.

पिशवी काढली. नमुना क्रमांक पंधरा.
मूळ देश या रकान्यावर
पेन धरून बराच वेळ उभी राहिले,
मग लिहिलं,
भुसावळ, मालधक्का, गळका नळ.

"किती पोती लिवली?" धुडकूभाऊंनी विचारलं.
तीन, म्हटलं.
उभी.