चुन्याखालचे गुण

नांदेडच्या कॉलेजातून दोन पोरं आली, कागद घिऊन.
म्हणाली, मामा, जिमखान्यात पितळी पाटी लावायची हाय,
बास्केटबॉल चालू झालं तवापासून पहिल्या धा वर्सांतले
सगळ्यात भारी खेळाडू.
रजिस्टर वाळवीनं खाल्लं. तुमालाच ठावं म्हणतेत.

ठावं म्हंजी काय,
दुपारी तीनला चुन्याच्या पट्ट्या मीच ओढायचो,
ब्लॅडरला ठिगळ मीच लावायचो.

लिवा. मुनव्वर अली, देगलूर नाका. डावखुरा.
बाप अडतीवर कापूस जोखायचा,
ह्यो नजरंनं अंतर.
विठोबा सोनकांबळे, बोर्डिंगातला. बूट न्हवते.
किसनलाल बाहेती.
घरच्या दुकानात उधारी बंदची पाटी,
मैदानात चेंडू कुणालाबी द्यायचा.

मैदान कसलं, काळं रान.
चैतात भेगा पडायच्या, हात जाईल एवढ्या.
चेंडू टप्पा खाऊन भलतीकडंच पळायचा,
म्हणून पोरांनी टप्पाच सोडला.
हातोहात न्यायची, जमिनीला न दावता.
रिंग घिसाड्यानं ठोकलेली, गाडीच्या धावंची,
दोन बोटं बारीक.
कुणाला ठावं होतं बारीक हाय म्हणून?

साठ साली हैद्राबादला गेलो.
सिमेटाचं मैदान, तुळतुळीत.
मुनव्वरनं वर बघितलं, मला म्हणाला,
"मामू, ये तो बावडी है!"

किती गुण झाले, मामा? पेन उघडून बसलेत.
गुण आमी जिमखान्याच्या भिंतीवर लिवायचो, कोळशानं.
दर दिवाळीला वरून चुना.
बगा खरवडून.

अन् चौथं नाव लक्ष्मण गिरी.
ह्यो बाकावरच बसायचा.
पर पहाटं भेगांत पाणी वतून माती चोपायला
माज्यासंगं एकटाच यायचा.
पोरं म्हणाली, मामा, भारीच पायजेत.
मंग मी काय सांगायलोय?

पाटी लागली परवा. हार, नारळ, भाषणं.
तीनच नावं.
त्यातबी मुनव्वरचा अर्धा व खाल्लेला.

मानसं चहाला गेली तसं
तंबाखूची डबी काढली,
बोटावर चुना घेतला
अन् व ला व जोडला.
खाली जागा होती, तिथं गिरी लिवलं.
हात कापतो आता, पट्टी सरळ यीना.

पुसतील.
पुसू द्या.
डबी खिशातच हाय.