चालु

सिव्हिलच्या तिसऱ्या मजल्यावर, पॅथॉलॉजीत,
मी काचपट्ट्या रंगवते.
आजच्या तुकड्याला नाव नाही, नंबर आहे.
तिळाएवढा. दमेकऱ्याच्या श्वासनळीचा.
या रंगात बुडवलं की
जेवढं विणलेलं असतं तेवढंच निळं होतं.

लेन्स फिरवली.
वरचं अस्तर जागोजाग उसवलेलं,
त्याखाली निळा पट्टा,
डबल सुताच्या चादरीसारखा जाड,
आणि त्यात अडकलेल्या लांबट, दोन्हीकडून टोकदार पेशी.
पुस्तक त्यांना फायब्रोब्लास्ट म्हणतं.
मी धोट्यांच्या घरात वाढले, मला ते धोटेच दिसतात.

तशा त्या वाईट नाहीत.
फाटलं की धावायचं, धागा सोडायचा,
भोक बुजवून गप्प बसायचं.
पण धूळ रोज येते.
रोज फाटतं, रोज निरोप जातो: विणा.
मग निरोप थांबतो
आणि हात थांबत नाही.
काही तर स्नायूचं सोंग घेतात,
विणलेलं खेचून आवळून धरतात.
वाट होती तिथे बोळ,
बोळाची फट.

नाना नीलम नगरात बत्तीस वर्षं टॉवेलच्या मागावर.
घरी यायचे ते भुवयांत कापूस घेऊन.
डॉक्टर इंगळगी म्हणतात, पंपाने सूज उतरते,
विणलेलं उसवत नाही.

वीज जायची त्या दिवशी
सगळी गल्ली एकदम मुकी व्हायची
आणि नानांची छाती तेवढी ऐकू यायची.
अम्मा बिड्यांचं सूप बाजूला सारून
त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची,
म्हणायची, चालु, इंक चालु.
आमच्या तेलुगूत याचा अर्थ: पुरे, आता पुरे.
उंबऱ्याबाहेर, मराठीत,
त्याच शब्दाला बटण दाबलं जातं, पट्टा फिरतो.

आत त्यांनी तो मराठीत ऐकला असेल.

रिपोर्टात मी फक्त जाडी लिहिली.

रात्री नाना उशांना टेकून बसलेले.
‘आज काय बघितलंस?’
‘कापड.’
पंप ओढला. दहा मोजेपर्यंत श्वास धरला. सोडला.
‘वीण कशी आहे?’
‘घट्ट. एक धागा तुटलेला नाही.’
नानांनी मान हलवली,
जुन्या ओळखीच्या माणसाचं नाव निघावं तशी.
‘मग,’ म्हणाले, ‘कारागीर चांगला असणार.’